पायथनमध्ये 'पुणे'ची लांबी ४ का येते? अक्षरं तर दोनच आहेत ना?

पायथन चुकत नाही. तो अक्षरं नव्हे, युनिकोडचे (जगातल्या लिपींच्या संगणकीय प्रमाणाचे) कोड पॉइंट, म्हणजे प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक मोजतो, आणि 'पुणे'त ते चार आहेत: प, उकार, ण आणि एकाराची मात्रा. जावास्क्रिप्टही ४ सांगते. गो भाषेतलं लेन (लांबी सांगणारं फंक्शन) १२ म्हणेल, कारण ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. स्विफ्ट मात्र सरळ २ सांगते. मजकुरासाठी हेच डिफॉल्ट योग्य, असं माझं ठाम मत आहे. व्यंजन आणि मात्रा वेगळ्या साठवण्याची ही मांडणी युनिकोडने इस्की या भारतीय प्रमाणावरून घेतली. आपल्या पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या जिस्ट या भारतीय लिपींसाठीच्या तंत्रज्ञानात तीच इस्की होती.

डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजायची असतील तर:
- पायथन: 'रेजेक्स' हे वेगळं मॉड्यूल बसवा (अंगभूत 'आरई' नाही चालत)
- जावास्क्रिप्ट: इंटल सेगमेंटर

फक्त जोडाक्षरं तपासून घ्या. 'क्षितिज' आपल्यासाठी तीन अक्षरं, पण २०२३ च्या युनिकोड १५.१ आधीचे नियम पाळणारी लायब्ररी चार मोजते, कारण ती क्ष फोडते. आणि कृपा करून फॉर्ममधल्या नावाला २० बाइटची मर्यादा घालू नका. देवनागरीत ती सहा चिन्हांत संपते, 'ज्ञानेश्वर'ला ३० बाइट लागतात.