‘मॅडम, हा आजार आहे की नुसते चाळे?’

मी समुपदेशक आहे. नवऱ्याचा लैंगिक वागण्यावरचा ताबा सुटला की हा प्रश्न बायका मला बहुतेक वेळा दार लावून घेतल्यावर, आवाज खाली आणून विचारतात. स्वातीने तो खुर्चीत नीट टेकायच्या आधीच विचारला. “मॅडम, मला एवढंच सांगा, हा आजार आहे की नुसते चाळे? आजार असेल तर मी औषधपाणी करीन. चाळे असतील तर भाऊ खाली गाडीत बसलाय, मी आजच माहेरी जाते.”

(नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोघांच्याही संमतीने लिहिते आहे.)

लक्ष्मीपूजनाला तिने कपाटातून पाटल्यांची डबी काढली, तर आत पाटल्या नव्हत्या. गोल्ड लोनची पावती होती. नवरा, मिलिंद, चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर. दारू नाही, तंबाखू नाही. त्यामुळे तिच्या मनात आधी आलं ते शेअर बाजाराचं, मग दुसऱ्या बाईचं. दोन्ही नव्हतं. रात्री पाळी संपवून आल्यावर, कधी पाळीच्या मध्येच, तो मोबाईलवर अश्लील व्हिडिओ बघायचा आणि पैसे मोजून बायकांशी व्हिडिओ कॉल करायचा. त्यातल्याच कुणीतरी कॉल रेकॉर्ड करून धमकावलं, त्याने घाबरून पैसे दिले, मग पुन्हा दिले, मग कर्ज देणाऱ्या ॲपवरून उचलून दिले. “दुसरी बाई असती ना, तर निदान भांडायला कुणीतरी असतं,” स्वाती म्हणाली.

सासूबाईंनी आपला निकाल आधीच देऊन टाकला होता : बायकोने लक्ष दिलं असतं तर पोरगं मोबाईलकडे कशाला गेलं असतं? हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यावर आता माझा आवाज चढतो. बायको जवळ घेत नाही म्हणून हा विकार होत नाही, आणि तिने जवळ घेतलं म्हणून तो जातही नाही. मिलिंदची ही सवय लग्नाच्या आधीची होती.

निकाल मात्र मी त्या दिवशी दिला नाही. ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर नसताना निदान करता येत नाही. भाऊ गाडीत तासभर थांबला, मग तिला घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात मिलिंद एकटाच आला.

अशा माणसाला घरचे लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘किती वेळा?’ हा. मी तो बराच उशिरा विचारते, कारण आकड्यावरून फारसं काही ठरत नाही. कुणाची लैंगिक इच्छा मुळात जास्त असते आणि त्याचं सगळं सुरळीत चाललेलं असतं. मी मिलिंदला विचारलं, थांबवायचा प्रयत्न केलात का? त्यावर तो बराच वेळ बोलला. ॲप काढून टाकली होती, सिमकार्ड मोडलं होतं, साधा बटणांचा फोन घेतला होता. आळंदीला जाऊन माउलींसमोर शपथ घेतली होती, ती आठवडाभर टिकली. शपथ मोडल्यावर स्वतःची इतकी किळस आली की त्याच रात्री तो पहाटेपर्यंत फोनवर होता.

“आणि मजा यायची?”

“मजा कसली मॅडम. सुरुवातीला असेल. आता तर संपलं की फोन भिंतीवर आपटावासा वाटतो. तरी दुसऱ्या दिवशी हात तिकडेच जातो.”

कामावर दोनदा मेमो मिळाला होता. एकदा मुलाला शिकवणीवरून आणायचं होतं. हा कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीत कॉलवर आणि पोरगं अंधारात रस्त्याच्या कडेला उभं. हे सांगताना मात्र तो रडला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत ६सी७२ या क्रमांकाखाली ‘कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेवियर डिसऑर्डर’ ही नोंद आहे. मराठीत सांगायचं तर लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटण्याचा विकार. मिलिंदने जे सांगितलं ते तिथल्या वर्णनाशी जवळजवळ ओळीने जुळत होतं : सगळं आयुष्य त्या एका गोष्टीभोवती फिरू लागतं, तब्येत आणि जबाबदाऱ्या मागे पडतात, सोडायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसतात, नुकसान दिसत असूनही, आणि सुख मिळेनासं झालं तरीही, ते चालू राहतं. हे साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ चाललेलं हवं आणि त्यामुळे घर, नोकरी, नाती यांचं खरंच नुकसान होत असलं पाहिजे किंवा माणूस फार त्रासात असला पाहिजे.

याला व्यसन म्हणायचं का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. आरोग्य संघटनेने तो आवेगांवर ताबा न राहण्याच्या विकारांत घातला आहे, व्यसनांत नाही. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने तर अशाच एका निदानाचा प्रस्ताव मानसिक विकारांच्या २०१३ च्या आपल्या यादीत घेतलाच नाही. माझ्या खोलीत बसलेल्या माणसाला या वादाचा उपयोग नसतो. पण इंटरनेटवरची ‘तुम्ही सेक्स ॲडिक्ट आहात का?’ असली दहा प्रश्नांची चाचणी करून कुणी आलं, की मला तो वाद सांगावा लागतो.

त्याच वर्णनातलं आणखी एक वाक्य आपल्याकडे मोठ्या अक्षरांत छापायला हवं : माणसाला होणारा त्रास निव्वळ ‘हे पाप आहे’ या भावनेतून येत असेल, तर तेवढ्यावर हे निदान करायचं नाही. मिलिंद यायचा त्याच सुमारास माझ्याकडे एक पोरगा येत होता, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. आठवड्यातून दोनेकदा हस्तमैथुन करायचा. अभ्यास ठीक, झोप ठीक, मित्र होते. पण आपली शक्ती चालली, चेहरा उतरला, आपण विकृत आहोत, या भीतीने तो अर्धा झाला होता. रेल्वेमार्गालगतच्या भिंतीवर रंगवलेला नंबर फिरवून कुठल्याशा ‘गुप्तरोग तज्ज्ञा’कडे त्याने मेसचे पैसे घालवले होते. त्याला कसलाही विकार नव्हता. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून लोकांच्या मनातली ही असली भीती घालवत होते. शंभर वर्षं होत आली, भिंती अजून रंगतातच आहेत. त्या पोराला तीन-चार भेटींत मोकळं वाटलं. त्याच्या आणि मिलिंदच्या तोंडी वाक्य एकच होतं, ‘मॅडम, माझा कंट्रोल राहत नाही’. एकाचा खरोखर राहत नव्हता. दुसऱ्याला तो इतका कडक हवा होता की कुणाचाच राहिला नसता.

मी डॉक्टर नाही. म्हणून मिलिंदला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तो नाराज झाला. “मी वेडा नाहीये.” पण हे पाठवणं टाळता येत नाही. बायपोलर आजारात मन कधी पार खचतं, कधी भलतंच तेजीत येतं. माणूस तसा तेजीत असला की लैंगिक वागण्याचा तोल जातो, खर्चाचाही जातो. तिथे औषध वेगळंच लागतं. दारू किंवा अमली पदार्थ, मेंदूच्या पुढच्या भागाला झालेली इजा, काही प्रकारचा स्मृतिभ्रंश, यांतही असं होतं. आणि कंपवातावरची काही औषधं! प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही गोळ्यांची नावं. त्या घेणाऱ्या काही जणांत जुगार, बेसुमार खरेदी किंवा लैंगिक वर्तन अचानक बेताल होतं. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबात सत्तरीचे काका एकाएकी असे वागू लागले होते. सुनांनी त्यांच्यासमोर जाणं बंद केलं, मुलांनी बोलणं टाकलं, आणि हे सगळं कंपवाताची गोळी वाढवल्यानंतरचं आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. न्यूरॉलॉजिस्टनी औषध हळूहळू बदललं आणि काका पूर्वीसारखे झाले. अशी गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नये. ते धोक्याचं असतं.

मिलिंदच्या बाबतीत डॉक्टरांना नैराश्य सापडलं. वडील कोविडमध्ये गेले, तेव्हापासून साचलेलं. नैराश्यावरच्या ज्या गोळ्या त्याला दिल्या, त्यांनी कधीकधी लैंगिक आवेगही मंदावतो, तोही फायदा झाला. खास या विकारासाठी मान्यता मिळालेलं असं औषध नाही. दारू सोडवण्यासाठी देतात ते नालट्रेक्सोन काही रुग्णांना देऊन पाहतात, पण ते सगळं डॉक्टरांनी ठरवायचं.

माझ्याकडचं काम संथ असतं आणि सांगायला फारसं रंजक नाही. तलफ कधी येते हे त्याने महिनाभर वहीत लिहिलं. आधी म्हणाला, “कधीही येते.” वहीत दिसलं ते वेगळं. साहेबांशी खटका उडाला की, दुसरी पाळी संपवून घरी आल्यावर सगळे झोपलेले असले की, आणि वडिलांच्या आठवणीने पोटात कालवलं की. म्हणजे बऱ्याचदा त्याला कामेच्छा अशी नसायचीच. एकटेपणा असायचा, राग असायचा, आणि त्यावर त्याच्या हाताशी उतारा हा एकच होता. तलफ चढते तशी ओसरते, तिला काही दिलं नाही तरी ओसरते, हे त्याने घड्याळ लावून स्वतः पाहिलं तेव्हाच त्याला पटलं. मी सांगून पटलं नव्हतं. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. पाळीवरून आल्यावर आधी अंघोळ, मग स्वतःच्या भावाला फोन. सकाळी चालणं. मध्ये दोनदा घसरला. घसरल्यावर शिव्याशाप न देता पुन्हा वही उघडायची, हा भाग त्याला सगळ्यात जड गेला. त्या किळसेवर काम केलं नाही, तर तीच पुढच्या रात्रीचं कारण होते.

धमकावणाऱ्यांना पैसे देणं थांबवून १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली. त्याने ती स्वातीला शेजारी बसवून केली.

आणि स्वाती? तिला रोज थोडं थोडं खरं कळत होतं. आज एक कॉल, उद्या एक कर्ज. दर वेळी जखम नव्याने. म्हणून एक भेट केवळ त्यासाठी ठेवली, आधी त्याच्याकडून सगळं लिहून घेतलं, आणि त्याने ते एकदाच, काही न गाळता सांगितलं. त्यात दोनदा पैसे देऊन संबंध ठेवल्याचंही निघालं. ती उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा तिने विचारलं ते तपासणीचं. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणीच्या केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत आणि गुप्तपणे होते. दोघांनीही केली, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे काही महिन्यांनी पुन्हा केली. दोन्ही वेळा निर्धोक.

तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी तिला या भेटीनंतर दिलं. हो, आजार आहे. पण आजाराने त्याच्या हातून झालेलं माफ होत नाही. गहाण पडलेल्या पाटल्या त्यानेच सोडवायच्या, खोटं तो बोलला, त्याचं काय करायचं हे तू ठरवायचं. कुणावर बळजबरी करणं, लहान मुलांना त्रास देणं, गर्दीत अंगाला हात लावणं हे गुन्हे आहेत. या निदानाची ढाल करून कुणी त्यांतून सुटू नये, असं मला ठामपणे वाटतं. आणि तिला हेही सांगितलं की रोज त्याचा फोन तपासणं हे तुझं काम नाही. पैशाचे व्यवहार हातात घे, ते घेणं रास्तच आहे. पहारेकरी होऊ नकोस. तिने बँकेचं कार्ड घेतलं, पगार स्वतःच्या खात्यात वळवला, आणि सहा महिने मुलाला घेऊन भावाकडे राहिली. आता एका घरात राहतात. पाटल्या अजून सुटायच्या आहेत. संसार टिकेल का, असं मला कुणी विचारलं तर मी उत्तर देणार नाही. तीही अजून देत नाही.

तुमच्या घरात असं काही चाललं असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाता येतं. तिथवर जायचं धाडस होत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे, आणि त्यातले अपवाद मोजके आहेत. कंपनीत किंवा सोसायटीत कळेल या धास्तीने थांबू नका. पहिल्या भेटीला जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी बरोबर न्या, डॉक्टरांनी मागितली नाही तरी दाखवा.