तेल बदलण्याआधी तारखा बघ

तुझा प्रश्न दोनदा वाचला. राज्यसेवेची पूर्व झालीय, मुख्यचा अभ्यास जोरात आहे, पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन राहतेस आणि दसऱ्यापासून विंचरायला घेतलं की केस मुठीत येतायत. रूममेटनं कांद्याचं तेल आणून दिलंय, मैत्रीण बायोटिनच्या गोळ्या घे म्हणतेय आणि तू विचारतेयस, ‘ताई, ताण कमी व्हावा आणि केस टिकावेत म्हणून रोजच्या सवयींत काय बदलू?’ याच्यातच एक वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस. जुलैअखेरीस डेंग्यू झाला होता, आता बरी आहे. मला तुझ्या अख्ख्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं.

आपल्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि प्रत्येकाचं चक्र वेगळं चालतं. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, त्यानंतर तो तीनेक महिने नुसता मुळात बसून राहतो आणि शेवटी गळतो. एरवी शंभरातले दहाएक केसच असे बसलेले असतात, म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गेले तरी आपल्याला जाणवत नाही. पण मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, झपाट्यानं घटलेलं वजन किंवा मनाला बसलेला जबर धक्का, यातलं काही झालं की वाढत असलेले पुष्कळ केस एकदम थांबतात. ते त्या वेळी गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. याला डॉक्टर टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञानं १९६१ मध्ये याचं वर्णन केलं. कोविडच्या लाटांनंतर घरोघरी हेच झालं होतं. माणूस बरा होऊन कामाला लागायचा आणि मग केस जायला लागायचे.

आता तुझ्या तारखा जुळवून बघ. जुलैअखेर ते दसरा. त्या तापात शरीर खचलं, त्यात पूर्व परीक्षेची धास्ती, आणि त्याचा हिशेब आत्ता निघतोय. म्हणजे ऑक्टोबरात बदललेल्या शांपूचा यात दोष नाही, आणि या महिन्यात आणलेल्या तेलानं ते थांबणारही नाही. असं गळणं बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या आत आपोआप ओसरतं. तेव्हा हातात जी बाटली असते तिला श्रेय मिळतं, म्हणून तर पेठेत प्रत्येकीकडे एक वेगळं खात्रीचं तेल आहे.

एक गोष्ट आजच करून बघ. कंगव्यातला एक केस काढून काळ्या ओढणीवर ठेव आणि ट्यूबलाइटखाली नीट बघ. एका टोकाला खसखशीहून बारीक पांढरी गाठ दिसली तर तो मुळातून, आपली मुदत संपवून आलाय. गाठ नसेल आणि केस आखूड असेल तर तो मधेच तुटलाय. तुटण्याची कारणं निराळी असतात. ओले केस विंचरणं, आठ तास अभ्यासिकेत बसायचं म्हणून घट्ट अंबाडा बांधणं, स्ट्रेटनर. तुटणं हातानं थांबवता येतं. केस वाळल्यावर मोठ्या दातांच्या कंगव्यानं खालून वर गुंता सोडवत ये आणि वेणी सैल घाल. कपाळाच्या कडेनं घट्ट ओढून बांधायची सवय वर्षानुवर्षं राहिली तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात, ते मात्र मनावर घे.

ताणाचं म्हणशील तर, त्याचा केसांशी संबंध खरा आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये उंदरांवर दाखवलं की ताणाचं संप्रेरक वाढलं की केसांच्या मुळाशी असलेल्या, नवा केस उगवणाऱ्या मूळपेशी जास्त काळ निद्रिस्त राहतात. पण पेठेत मी स्वतः राहिले आहे, नंतरही कितीतरी मुली जवळून पाहिल्या आहेत, आणि माझं ठाम मत असं की इथे ताण केसांपर्यंत पोचतो तो ताटातून आणि झोपेतून. मनावर काम करण्याआधी ही दोन दारं बंद कर.

ताटाचं बघू. तू लिहिलंयस, सकाळी चहा-बिस्किट, दुपारी मेसचा डबा, रात्री कधी पोहे तर कधी मॅगी. डब्यात दोन-तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात आणि पातळ आमटी. यात पोट भरतं, पण केस बनतात प्रथिनांचे आणि ती यात फार थोडी आहेत. पन्नास किलोच्या मुलीला दिवसाला चाळीसेक ग्रॅम प्रथिनं लागतात, आजारातून उठलेल्या शरीराला थोडी जास्तच. ओढाताण असली की शरीर हृदय-मेंदूचं आधी बघतं, केसांचा नंबर शेवटी लागतो. खोलीत गॅस नसला तरी भागतं. फुटाण्यांची पिशवी अभ्यासाच्या टेबलावर असू दे, पन्नास ग्रॅममध्ये दहाएक ग्रॅम प्रथिनं मिळतात. तेवढ्याच शेंगदाण्यांत बारा ग्रॅम. अंडी चालत असतील तर कोपऱ्यावरच्या गाडीवरची दोन उकडलेली अंडी, तीही बारा ग्रॅम. मटकी फडक्यात बांधून मोड आणता येतात, वर कांदा-लिंबू. आणि मेसच्या काकूंना स्पष्ट सांग की बटाट्याऐवजी उसळ किंवा पिठलं वाढा, वरचे पैसे देते. बहुतेक काकू ऐकतात.

सोमवार आणि गुरुवार असे दोन उपवास धरतेस, आणि दोन्ही दिवशी साबुदाणा. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. निदान मुख्य होईपर्यंत एकच ठेव आणि त्या दिवशी दाण्याची आमटी, राजगिरा, दही खा. खरं तर आजारातून उठलेल्या माणसाला उपवास माफ असतो, तुझी आजीही हेच सांगेल.

लोहाचं दुखणं याहून जुनं आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी निघाल्या. त्यात आपली जेवणानंतर लगेच टपरीवर चहा घ्यायची सवय. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही. चहा सोड म्हणत नाही, अभ्यासात तोच आधार असतो. जेवण आणि चहा यात तासभर जाऊ दे, आणि उसळीवर, पोह्यांवर लिंबू पिळ, त्यानं लोह जास्त अंगी लागतं. आईला दिवाळीच्या फराळाबरोबर अळिवाचे लाडू पाठवायला सांग. बाळंतिणीला ते उगाच देत नाहीत.

झोपेत मी तडजोड सांगणार नाही. अभ्यासिका रात्रभर उघडी असते म्हणून दोनपर्यंत बसायचं आणि सहाला उठायचं, यात वाचलेलंही डोक्यात राहत नाही. सात तास हवेतच. उठण्याची वेळ पक्की ठरव, झोप आपोआप त्याच्या मागे येते. आणि रात्री नऊनंतर टेलिग्रामचे ग्रुप म्यूट कर. कटऑफ किती लागेल, तारीख पुढे जाणार का, कुणाच्या ‘सूत्रां’नी काय सांगितलं, हे अंथरुणात वाचून किती मुलींची रात्र जाते ते मी पाहिलंय. आयोगाचं परिपत्रक खरं असेल तर सकाळीही तिथेच असेल. फोन उशाशी नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लाव.

सकाळी उन्हात अर्धा तास चाल. सारसबागेपर्यंत जा, दम असेल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढ. तेवढ्यात कानात लेक्चर लावू नकोस. पेपर सोडवताना छातीत धडधड झाली तर चार मोजेपर्यंत श्वास घे आणि सहा मोजेपर्यंत सोड, पाच मिनिटं. भ्रामरी जमत असेल तर तीही चांगली. आठवड्यातली एक संध्याकाळ अभ्यासाशिवायची असू दे आणि ती एखाद्या अशा माणसाबरोबर घालव जो तुला ‘किती मार्क येतील’ विचारत नाही. आणि हे केसांपलीकडचं आहे, पण सांगतेच. रडू थांबत नसेल, आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, जगणं नको वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर. तो फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आता बाटल्यांबद्दल. कांद्याच्या रसावर इराकमध्ये २००२ साली एक छोटा अभ्यास झाला, पण तो चाई पडलेल्या, म्हणजे गोल चट्ट्यांत केस गेलेल्या लोकांवर होता. तुझा प्रकार तो नाही, आणि रसानं काहींच्या टाळूची आगही होते. खोबरेल तेलाचा फायदा मात्र खरा आहे. मुंबईतल्याच संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं की ते केसात मुरतं आणि धुताना केसातली प्रथिनं कमी जातात. म्हणजे तुटणं कमी होतं, मुळातून गळणं नाही. न्हाण्याआधी तासभर लाव, कोंडा असेल तर रात्रभर ठेवू नकोस. बायोटिनची कमतरता क्वचितच असते, आणि त्या गोळ्यांनी थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. घेत असशील तर तपासणीआधी लॅबला आणि डॉक्टरांना सांग. टँकरच्या पाण्यानं केस रखरखीत होतात, पण मुळासकट जात नाहीत.

केस मोजणं आजपासून बंद. धुवायला घाबरून आठवडा काढलास तर सात दिवसांचे केस एकाच दिवशी जाळीत दिसतात आणि जीव उगाच उडतो. दोन-तीन दिवसांआड धूत जा.

रक्त मात्र तपास. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२, ड जीवनसत्त्व. खासगीत परवडत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयाची त्वचारोग ओपीडी आहे. नाण्याएवढा गोल चट्टा मोकळा दिसला, टाळू लाल झाली किंवा पू आला, भांग रुंद होत चालला, पाळी लांबतेय आणि हनुवटीवर केस येतायत, किंवा सहा महिने उलटूनही गळणं तसंच राहिलं, तर थांबू नकोस, त्वचारोगतज्ज्ञाला गाठ.

केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटर वाढतो. आज सुरू केलेल्या जेवणाचा आणि झोपेचा परिणाम तुला तीन-चार महिन्यांनी भांगाशी, कपाळाच्या कडेला उभ्या राहिलेल्या बारीक केसांत दिसेल. तोवर आरशात रोज शोधू नकोस. फेरिटिनचा आकडा आला की कळव, त्यावरून पुढचं डॉक्टरांना काय विचारायचं ते आपण ठरवू.