फोटोग्राफीच्या ऑनलाइन वाचनगटात नव्याने येताय?

स्वागत! पुस्तक संपवायची घाई नको. आठवड्याला एकच प्रकरण, पण वाचलं की त्याच दिवशी कॅमेरा हातात घ्या. नुसतं वाचून अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) कळल्यासारखं वाटतं, कळत नाही. टेबलावर कप ठेवा, मागे चार-पाच फुटांवर पुस्तकांचं कपाट. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोड (छिद्र तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा) लावून, जागा न बदलता एफ ५.६, ८ आणि १६ वर (आकडा मोठा, छिद्र लहान) तीन फोटो काढा. कपाटातली पुस्तकं कशी स्पष्ट होत जातात बघा. १६ चा फोटो हलला तर लेन्सला दोष देऊ नका. शटर मंदावलंय, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवा.

गटात एकच फोटो दाखवा, वीस नकोत. "कसा वाटला?" विचारलं की नुसतं "छान" मिळतं. "नजर आधी कुठे जाते?" असं विचारा. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), फ्लॅश सध्या राहू द्या. (नवी लेन्सही!)