असल्यांतच बसली तर अजून बिघडंल का?

मागच्या उन्हाळ्यात औसा तालुक्यातून एक माय-लेकी लातूरला माझ्याकडं आल्या. ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगते, मुलीला आपण अश्विनी म्हणू, वय 21. बारावीला हिला लातूरला क्लासला टाकलं होतं, हॉस्टेलच्या मेसमधे शंभर स्टीलच्या ताटांचा आवाज एकदम सुरू झाला की ही ताट तसंच ठेवून उठायची आणि उपाशी झोपायची, सगळे म्हणायचे नखरे आहेत. सहा महिन्यांत घरी आली. पुढं पुण्याला दाखवलं तेव्हा ऑटिझम, म्हणजे मेंदूची जन्मापासूनचीच वेगळी ठेवण, आहे हे कळलं, तोवर पोरगी 19 ची झालेली.

पण आई त्यासाठी आलीच नव्हती. ते त्यांनी बऱ्यापैकी पचवलं होतं. "म्याडम, हिला काय सुचलंय बघा, हिच्यासारखेच चार-पाच जण गोळा करायचे आन् महिन्याला आमच्या घरी बसायचं म्हणती. चांगल्या माणसात राहिली तर चार गोष्टी शिकंल, असल्यांतच बसली तर अजून बिघडंल की. आन् गल्लीत कळल्यावर उद्या सोयरीक कोण करंल?"

हा प्रश्न मला नांदेडच्या आईनं विचारलाय, परभणीच्या वडलांनी विचारलाय, आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मी पण असाच विचार करायचे. ऑटिस्टिक लेकरांच्या आईबापांची आमची पालकसभा व्हायची, आईबाप हॉलमधे आणि लेकरं शेजारच्या खोलीत रंगाच्या पेट्या देऊन बसवलेली. एकदा एक सोळा वर्षांचा मुलगा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आज माझ्याबद्दल काय ठरलं?" मी म्हटलं काही नाही रे, जा चित्र काढ. तो गेला. तो प्रश्न अजून माझ्या मनातून गेलेला नाही, कारण दोन तास आम्ही त्याच्याबद्दलच बोलत होतो.

जगात पण हे असंच चालायचं. ऑटिझमच्या परिषदा व्हायच्या त्या डॉक्टर आणि पालकांच्या, ऑटिस्टिक माणूस बोलावला तर आपली कहाणी सांगायला, निर्णय घ्यायला नाही. मग 1992 मधे जिम सिंक्लेअर, डॉना विल्यम्स आणि कॅथी ग्रँट या तीन ऑटिस्टिक माणसांनी ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल ही स्वतःची संघटना काढली. पुढच्याच वर्षी टोरांटोच्या परिषदेत सिंक्लेअर यांनी पालकांना तोंडावर सांगितलं की आमच्यासाठी शोक करू नका, तुमच्या मनातलं लेकरू आलं नाही याचं दुःख तुमचं आहे, पण जे लेकरू समोर आहे ते जिवंत आहे आणि तुमची वाट बघतंय. 1996 पासून त्यांनी ऑट्रीट नावाचं शिबिर सुरू केलं. ऑटिस्टिक लोकांनी ऑटिस्टिक लोकांसाठी भरवलेलं. इंग्लंडात 2005 पासून ऑटस्केप नावाचं तसंच शिबिर भरतं, आणि त्याच वर्षापासून 18 जून हा ऑटिस्टिक प्राइड डे, म्हणजे ऑटिस्टिक असण्याच्या अभिमानाचा दिवस, म्हणून पाळतात. हे सगळं अश्विनीला माझ्याआधी माहीत होतं बरं का, आईला सांगताना दोन साल तिनंच दुरुस्त केले.

आईला सगळ्यात पटली ती बिल्ल्यांची गोष्ट. ऑट्रीटमधे लोक छातीला रंगीत बिल्ला लावायचे. लाल म्हणजे आत्ता माझ्याशी कुणी बोलू नका, पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी बोला, आणि हिरवा म्हणजे मला बोलायचंय पण सुरुवात जमत नाही, तुम्ही करा. हिरवा ऐकल्यावर आई गप्पच झाली. मग म्हणाली, "ही लग्नात कोपऱ्यात उभी राहती, मला वाटायचं हिला कुणी नकोच."

आपल्याकडं 'स्वमग्न' शब्द आहे ना, तो मला कधीच नीट बसलेला वाटला नाही, स्वतःत बुडालेला म्हणे, आणि इथं पोरगी घराचं दार उघडून माणसं बोलवायला निघालीय.

आता बिघडण्याचं. मी आईला विचारलं, लग्नाहून आल्यावर अश्विनी काय करते? "दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून ऱ्हाती, बोलत नाही." कारण "चांगल्या माणसात" तिचा सगळा जीव कुणाकडं किती वेळ बघायचं, कधी हसायचं, हात आपोआप हलतायत ते कसे दाबायचे यातच जातो. आपल्यासारख्यांत ते ओझं उतरतं. हात हलले म्हणून ऑटिझम वाढत नाही, तो जन्मापासून तेवढाच आहे, लपवायचा ताण कमी होतो इतकंच. आणि माणूस तिथंच शिकतो की मला काय लागतं ते सांगायचं कसं. मेसमधल्या मुलीला कुणी तेवढं शिकवलं असतं तर तिनं वॉर्डनला अर्धा तास आधी जेवायला मागितलं असतं.

काही पालक म्हणतात, हे बोलणाऱ्या हुशारांचं झालं, आमचं लेकरू तर बोलतच नाही. अमेरिकेतले ऑटिस्टिक मेल बॅग्ज बोलत नव्हते, टाइप करून यंत्राच्या आवाजात सांगायचे, आणि 2007 मधे त्यांचा व्हिडिओ जगभर बघितला गेला. आणि एकत्र आल्यावर काय होतं तेही बघा, त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कमधे ऑटिझमबद्दल जाहिराती लागल्या, मुलाचं अपहरण झाल्यावर येते तशी चिठ्ठी, जणू ऑटिझमनं तुमचं लेकरू पळवलंय. 2006 ला आरी नीमन आणि स्कॉट रॉबर्टसन यांनी काढलेल्या ऑटिस्टिक सेल्फ अ‍ॅडव्होकसी नेटवर्कनं बाकी अपंग संघटना सोबत घेऊन विरोध केला आणि त्याच महिन्यात जाहिराती उतरवाव्या लागल्या. आमच्याशिवाय आमच्याबद्दल काही ठरवायचं नाही, हे त्यांचं म्हणणं.

सोयरिकीचं मी आईला खोटं सांगितलं नाही. लोक बोलतात, भीती खरी आहे. पण 21 वर्षांच्या मुलीनं कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही हे तिनं ठरवायचं, म्हणून बैठकीत फोटो नाहीत आणि कोण आलं होतं ते बाहेर बोलायचं नाही, हे दोन नियम आईच्या काळजीतूनच निघाले. यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचं पण बोललो, 2016 च्या अपंग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, कॉलेजात परीक्षेला सवलत मागता येते.

पहिली बैठक त्यांच्या घरच्याच दुकानाच्या वरच्या खोलीत झाली, उदगीरचा एक मुलगा, अंबाजोगाईची एक ताई, अजून दोघं. मला पण बोलावलं होतं, पण बाहेर बसायचं या अटीवर. अश्विनीनं जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून तीन रंगाचे बिल्ले केले होते, सेफ्टी पिना लावून. ट्यूबलाइट बंद, टाळ्यांच्या जागी हात हलवायचे. आईनं सवयीनं पाहुणे येणार म्हणून उदबत्ती लावलेली. अश्विनी जिन्यात येऊन म्हणाली, "आई, वासानं त्याचं डोकं दुखतंय."

"मंग हे पण नको का?"

"नको."

आई आत गेल्या, उदबत्ती हातात धरून खाली आल्या आणि अंगणातल्या तुळशीत खोचली.