हॉपरपाशी कोण उभं असतं, ते आधी बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

लातूरच्या डाळ मिलमध्ये सुपरवायझर म्हणून लागलास, फार बरं वाटलं. मशीन, पाळ्या, उतारा हे सगळं तिथले जुने लोक शिकवतीलच. मी फक्त धुळीबद्दल लिहितो. त्यावर कुणी बोलत नाही. कुणी बोललंच तर ‘होते सवय’ एवढं म्हणतील. सवय होत नसते. माणूस खोकत काम करायला शिकतो, इतकंच.

ही धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. त्यात फोलपटांचे कण असतात, बुरशीचे बीजाणू, जिवाणूंची विषारी द्रव्यं, किड्यांचे अवशेष, उंदरांच्या लेंड्यांचा चुरा, शेतातली वाळूसुद्धा. परतीच्या पावसात भिजलेला माल आला की बुरशी जास्त. अशी पोती दिवसभर रिकामी करणाऱ्या हमालाला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं आणि सकाळी सगळं उतरतं. तो म्हणतो, दगदग झाली. तू तसं म्हणू नकोस. त्या दिवशी कोणता माल होता, ते लिहून ठेव.

हे काही नवं नाही. इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यानं १७०० सालीच धान्य चाळणाऱ्यांची आणि मापणाऱ्यांची धाप नोंदवली होती. आपल्या आडतीतल्या मापाड्यांचंच काम ते.

बार्सिलोनाचं उदाहरण मात्र कायम ध्यानात ठेव, कारण तुमच्याकडे सोयाबीन भरपूर. १९८१ ते १९८७ या काळात त्या शहरात असे २६ दिवस आले, की एकाएकी दम्याच्या रुग्णांची इस्पितळात रीघ लागली. शोध घेतला तेव्हा कळलं, त्या दिवशी बंदरात जहाजातून सोयाबीन उतरत होतं. सायलोला, म्हणजे धान्य साठवायच्या उंच कोठाराला, फिल्टर नव्हता आणि टरफलांची धूळ वाऱ्यावर गावभर पसरत होती. ज्यांनी सोयाबीनच्या पोत्याला कधी हातही लावला नव्हता, त्यांचा श्वास कोंडला. फिल्टर बसवल्यावर त्या साथी आटोक्यात आल्या. उपाय सायलोवर झाला, लोकांच्या तोंडावर नव्हे.

म्हणून मास्कची ऑर्डर देण्याआधी मिलमध्ये एक फेरी मार. हॉपरमध्ये, म्हणजे माल ओतायच्या नरसाळ्यात, पोतं किती उंचावरून ओततात? माल वर चढवणाऱ्या एलिव्हेटरची झाकणं बसलेली आहेत का? चाळणीवर आणि भराईपाशी हवा ओढणारी नळी आहे का, आणि असली तर तिच्या फिल्टरच्या पिशव्या शेवटच्या कधी झाडल्या? पडण्याची उंची कमी केली, झाकणं लावली, तरी खूप फरक पडतो. कोरडा झाडू बंद कर, व्हॅक्यूम आण. आणि पाळी सुटताना कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे झटकण्याची पद्धत पहिल्याच दिवशी थांबव. बसलेली सगळी धूळ त्यानं पुन्हा नाकाशी येते.

गमछानं बारीक धूळ अडत नाही. एन-९५ मास्क लागतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढीवर तो बसत नाही. खोलवर जाणारे कण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून हवेची मोजणी करून घे. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) संस्थेनं गहू, ओट आणि बार्लीच्या धुळीसाठी घनमीटरला ४ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. डाळींसाठीही तोच आकडा समोर ठेवलास तर चालेल.

माणसांना एकच प्रश्न विचारत जा: सुटीच्या दिवशी बरं वाटतं का? रविवारी छाती मोकळी आणि सोमवारी पुन्हा घरघर, असं असेल तर दुखणं कामातलं असण्याचा दाट संशय घ्यावा. पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजणारी नळी, स्वस्त असतो. कामाच्या आणि सुटीच्या दिवसांत दिवसातून तीन-चार वेळा, असं काही आठवडे त्यात फुंकायला लाव आणि तो कागद घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे पाठव. कामावर घेताना आणि मग दरवर्षी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, व्हावी, यासाठी मालकाच्या मागे लाग. बिडी ओढणाऱ्याला तर आधी सांग. धूर आणि धूळ दोन्ही मिळून फुप्फुसं खातात.

झाडणाऱ्या बायांना यातून वगळू नकोस. त्या कंत्राटावर असतात, हजेरीपटावर नसतात, पण सर्वात जास्त धूळ त्यांच्याच वाट्याला येते. तपासणीची यादी करशील तेव्हा पहिली नावं त्यांची लिही. ती यादी आणि फिल्टरची अवस्था, दोन्ही मला पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
काका