बाबांना एक मीटिंग पटली नाही, म्हणून काय झालं?

न्यू जर्सीहून एका मुलीने लिहिलंय. वडील कोथरूडला, बँकेतून निवृत्त झालेले, दारू आता रोजची. आईने फार विनवलं तेव्हा ते एकदाचे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगला गेले आणि घरी येऊन म्हणाले, "ती माणसं आपल्यातली नाहीत. मी परत जाणार नाही." आता त्यांना थेट एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात भरती करावं का, असा तिचा प्रश्न आहे.

ताई, बाबा त्या खोलीत जाऊन बसले, ही फार मोठी गोष्ट आहे. पटली नाही ती एक मीटिंग. एएचा प्रत्येक ग्रुप आपापला चालतो. कुठे वीस-वीस वर्षं दारूपासून लांब राहिलेली जुनी मंडळी असतात, कुठे कालपरवा आलेली तरुण मुलं. शेअरिंग, म्हणजे आपापली गोष्ट सांगणं, कुठे मराठीत चालतं, कुठे हिंदीत, कुठे इंग्रजीत. तेव्हा तीन-चार वेगळे ग्रुप पाहायचे आणि प्रत्येक ठिकाणी दोन-तीनदा तरी जायचं, एवढंच सध्या बाबांकडे मागा.

त्याआधी डॉक्टर. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर हात थरथरणं, घाम, झोप उडणं इथपासून फिट येण्यापर्यंत आणि भ्रम होण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. पहिले दोन-तीन दिवस जास्त धोक्याचे. वेळेवर उपचार झाले नाहीत तर जिवावर बेततं. "आजपासून बंद" अशी शपथ घरच्या घरी घ्यायला लावू नका. आणि "नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती वाचून आईला भाजीत पूड मिसळायला तर अजिबात सांगू नका. दारू नकोशी व्हावी म्हणून डायसल्फिराम नावाचं औषध देतात, त्यावर दारू पोटात गेली की उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माणसाला न सांगता ते देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे.

आता ग्रुप निवडताना काय बघायचं? अंतर आधी. कोथरूडहून हडपसरला संध्याकाळच्या गर्दीत रोज कोण जाईल? दोन आठवड्यांत ते बंद पडेल. मात्र ओळखीचं कोणी भेटेल या धास्तीने बाबा जवळच्या ग्रुपला नाही म्हणत असतील, तर सुरुवातीला लांबचा चालेल. तिथे आडनाव विचारत नाहीत, आणि खोलीत ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही हा नियम सगळ्यांना लागू असतो. मग भाषा. बाबा ज्या भाषेत चिडतात, त्याच भाषेत त्यांना मनातलं बोलता येईल. शिवाय मीटिंग संपल्यावर नव्या माणसाजवळ कोणी थांबतं का, फोन नंबर देतं का, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुढे स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सभासद, मिळतो तो अशाच गप्पांतून.

देवाधर्माचं नको असं बाबा म्हणत असतील, तर एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या त्यांच्या टप्प्यांत, ईश्वर "आपल्याला उमगेल तसा" आहे, हे त्यांना सांगा. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा एवढीच अट आहे. फी नाही. डबा फिरतो, त्यात ज्याला जमेल तो टाकतो. कोणी डॉक्टरांची औषधं बंद करा म्हणालं, तर तो त्या माणसाचा सल्ला. एएचं तसं म्हणणं नाही, आणि औषधांचं फक्त डॉक्टरांनीच ठरवायचं.

भरतीचं म्हणाल, तर येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये सुरू केलं. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी तिथे 'सहचरी' गट आहे, आईला तिथे जायला सांगा. बाबा भरती होवोत न होवोत, तिला बोलायला माणसं हवीत. केंद्रातून बाहेर आलेल्यालाही मीटिंग लागतेच, म्हणून ग्रुपचा शोध दोन्ही वाटांवर करावा लागणार.

आणि तुम्ही? एएचे एक संस्थापक बिल यांच्या पत्नी लॉइस यांनी १९५१ मध्ये अ‍ॅल-अ‍ॅनॉन उभं केलं, ते तुमच्यासारख्या घरच्यांसाठीच. तुमच्या गावात मीटिंग सापडेल, ऑनलाइनही असतात. बाबांचं पिणं तुमच्यामुळे नाही आणि तुमच्या रडण्याने ते थांबणार नाही, हे तिथे अशा माणसांकडून ऐकाल ज्यांनी ते भोगलंय. माझ्या लिहिण्यात ती ताकद नाही.

पुण्यात संध्याकाळी फोन करणं बंद करा. तेव्हा ते प्यायलेले असतात, भांडण होतं, मग आई रात्रभर जागी. तुमच्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात पुण्यात सकाळचे साडेसहा असतात, हिवाळ्यात साडेसात. बाबा चहा घेत असतात, शुद्धीत असतात. तेव्हा फक्त पुढच्या ग्रुपचा वार, वेळ आणि पत्ता सांगा. कालचं काही काढू नका.

पत्ते एएच्या भारतातल्या वेबसाइटवर मिळतील. आईला व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४४४६ हा नंबरही देऊन ठेवा. एकट्याने जायला बाबा कचरत असतील तर ग्रुपला आधी फोन करा. नव्या माणसाला सोबत घेऊन जायला तिथला एखादा सभासद बहुतेक वेळा आनंदाने तयार होतो.