पाणगवतातील लार्जमाउथ बास: लुअरच्या आधी दोरा पाहावा

आपल्या प्रश्नाचा आशय असा की, मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड आणि ८ पौंडांचा (साधारण तेवढ्या ताणाला तुटणारा) मोनोफिलामेंट, म्हणजे एकाच धाग्याचा, दोरा वापरताना क्रँकबेट (ओढला की पाण्यात खाली जाणारे माशाच्या आकाराचे कडक आमिष) दर फेकीला गवत घेऊन येतो, लागलेले लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातील शिकारी मासे) झाडोऱ्यात शिरून सुटतात, तेव्हा कोणते लुअर (कृत्रिम आमिषे) घ्यावेत. माझ्या मते लुअरची निवड ही दुसरी पायरी आहे. गवतात मासा गळाला लावणे तुलनेने सोपे असते; त्याला तिथून बाहेर काढणे अवघड असते, आणि ते काम दोरा व रॉड करतात.

दोरा ५० ते ६५ पौंडांचा ब्रेडेड, म्हणजे अनेक धागे विणून केलेला, घ्यावा. तो जवळजवळ ताणला जात नाही, त्यामुळे झटक्याची ताकद थेट गळापर्यंत पोहोचते, आणि ताणाखाली तो कोवळे देठ कापत पुढे सरकतो. पाण्यापेक्षा हलका असल्याने तो गवतावर तरंगतो. फ्लुरोकार्बनचा दोरा मात्र बुडतो आणि पृष्ठभागावरील लुअरचे तोंड खाली ओढतो. दोरा जाड दिसेल ही भीती दाट गवतात बाळगू नये, कारण तिथे माशाला तो नीट पाहायला अवधीच मिळत नाही. रॉड सुमारे ७ ते ७.५ फुटांचा, हेवी ताकदीचा आणि फास्ट अॅक्शनचा (मुख्यतः टोकाजवळ वाकणारा) असावा. बेटकास्टिंग रीळ (रॉडच्या वर बसणारे, फिरत्या फिरकीचे) ७:१ किंवा त्याहून अधिक गुणोत्तराचे, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात फिरकी सात वेळा फिरवणारे, असल्यास माशाकडून आलेली ढील लगेच भरून काढता येते.

यानंतर गवत पृष्ठभागाच्या संदर्भात कुठे आहे, ते पाहावे. कमळाची पाने किंवा वर पसरलेला गालिचा असेल, तर पोकळ अंगाचा रबरी बेडूक घ्यावा. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वरच्या दिशेने असतात, म्हणून तो पानांवरून घसरत जातो, आणि माशाने दाबल्यावरच गळ उघडे पडतात. इथे बहुतेकांची घाई नडते: पाणी उसळताच झटका दिला, तर बेडूक माशाच्या तोंडातून निघून येतो. रॉडवर माशाचे वजन जाणवेपर्यंत थांबावे, मग जोराने झटका द्यावा. रंगाबद्दल लोक फार वाद घालतात. खालून पाहणाऱ्या माशाला मुख्यतः छायाकृती दिसते, त्यामुळे एक काळा आणि एक फिकट बेडूक पुरेसा आहे.

गालिचा इतका दाट असेल की वरून काहीच खाली जात नाही, तर तो भेदावा लागतो. त्यासाठी १ ते १.५ औंसाचे गोळीच्या आकाराचे टंगस्टन वजन, त्यामागे सरळ दांड्याचा मजबूत गळ आणि आखूड, फारसे पाय नसलेले मऊ प्लास्टिकचे आमिष लावावे. टंगस्टन शिशाहून बरेच घन असल्याने तितक्याच वजनाची गोळी लहान होते आणि सहज आत शिरते. वजन दोऱ्यावर सरकू नये म्हणून रबरी खुंटीने अडवावे, नाहीतर वजन खाली जाते आणि आमिष वरच अडकते.

गवत पाण्याखाली राहून वर मोकळे पाणी सोडत असेल, तर स्पिनरबेट (तारेवर फिरती पाती असलेले आमिष) किंवा स्विम जिग (पाण्यातून पोहवत आणायचे, वजनदार डोक्याचे गळाचे आमिष) गवताच्या टोकांना हलकेच स्पर्श करत आणावा. लिपलेस (तोंडाशी पाते नसलेला) क्रँकबेटही चालतो, पण तो अडकताच हळू न ओढता झटक्याने मोकळा करावा. बऱ्याचदा मासा त्याच क्षणी झडप घालतो. आपला सध्याचा खोल जाणारा क्रँकबेट केवळ गवताच्या बाहेरच्या कडेला समांतर फेकावा.

कडेवरही सर्व जागा सारख्या नसतात. गवताचे पुढे आलेले टोक, आत शिरलेली खाच, दोन प्रकारच्या वनस्पतींची सीमा, अशा जागा प्रथम तपासाव्यात. हंगामाच्या शेवटी गवत तपकिरी होऊन कुजू लागते, तेव्हा ते पाण्यातील प्राणवायू खाते आणि मासे शिल्लक हिरव्या पट्ट्याकडे सरकतात; उन्हाळ्यात चाललेली जागा तेव्हा सोडून द्यावी.

एकदम सर्व खरेदी करायची नसेल, तर प्रथम रॉड, रीळ आणि ब्रेड, मग दोन बेडूक आणि १ ते १.५ औंसाची काही टंगस्टन वजने घ्यावीत. ब्रेडसाठी पालोमार गाठ (दुहेरी दोरा गळाच्या डोळ्यातून ओवून बांधायची) बांधावी, घट्ट करण्याआधी ती ओली करावी, आणि गवतातून मासा काढल्यावर दरवेळी गळाजवळचा हातभर दोरा बोटांनी चाचपून, खरखरीत लागल्यास कापून टाकावा.